जगन फौजीची उजवी बाही

पनवेलच्या बाजारात कमळाकरशेटनी पन्नास वर्षं नाटकाचे कपडे भाड्याने दिले. राजाचे अंगरखे, यमाचा मुकुट, इन्स्पेक्टरचा खाकी कोट. आता जत्रेत ऑर्केस्ट्रा आले आणि शेटही पंचाहत्तरीला टेकले. दुकान बंद करायचं ठरलं. सगळा कपडेपट एका शाळेला देऊन झाला, पण तो कोट काही त्यांच्या हातून सुटेना.

कारण कोट त्यांचा नव्हताच. वडिलांनी एका नाटकापुरता कुणाकडून तरी मागून आणलेला, खऱ्या फौजेतला. जाताना म्हणाले, "परत कर." कुणाला, ते सांगायचं राहिलं. बापच तो, त्याला काय बोलणार? आणि लेक तरी कुठला शहाणा! पुढच्या जत्रेनंतर बघू म्हणत जन्म काढला.

कॉलरच्या आत शाईचा नंबर होता, धुऊन धुऊन त्याचा नुसता डाग उरलेला. बटणं कधीच बदललेली. एका दुपारी शेटनी कोट उलटा करून खिडकीशी धरला. उजव्या बाहीला, कोपराच्या वर, गंजक्या पिनेची भोकं होती. एकाच जागी, ओळीनं. बाही रोज दुमडून टाचलेली असणार. म्हणजे आत हातच नव्हता.

शेटना बेलपाड्याची जत्रा आठवली. स्टेजवर इन्स्पेक्टर आला की पहिल्या रांगेतला एक थोटा माणूस ताडकन उठायचा आणि डाव्या हाताने सलाम ठोकायचा. दरवर्षी. सगळं गाव खो खो हसायचं. पडद्याआड दहा वर्षांचा कमळाकरही पोट धरून हसायचा.

दुसऱ्या दिवशी ते बेलपाड्याला गेले. टॉवरच्या गर्दीत गाव शोधावं लागलं, माणूस नाही. डाव्या हाताचा सलाम म्हणताच पानवाल्याने जगन फौजीचं घर दाखवलं. जगन कधीच गेलेला. ऐंशीची लेक सखूबाई ओट्यावर बसली होती. कोट मांडीवर घेऊन तिने नेमकी ती भोकं चाचपली.

"बाबाचाच हाय."

"मग त्यांनी मागितला का नाही कधी?"

"आई लय मागं लागायची. तो म्हनायचा, घरी खुंटीवर बाही लोंबते. तिकडं नाटकात दोनी बाह्या भरलेल्या दिसतात. म्हनून तर पुढं बसायचा."

शेट म्हणाले, "सखूबाई, मीपण हसलो होतो."

"त्याला ठावं व्हतं. लोकं हसली म्हनून सलाम करायचा ऱ्हायला नाय तो." तिने कोट पुढे केला. "घाला एकदा."

शेटनी घातला. सखूबाई उठली, उजव्या बाहीची घडी सारखी केली आणि बाहेर आलेला हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभी राहिली.

मग म्हणाली, "काढा आता. ऱ्हाऊ दे हितंच."