सुईवाल्यांची लेक

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, उभं आयुष्य लोकांना नाचवत आले आणि स्वतः एकदाही नाचले नाहीत. दोन तबकड्या, दोन सुया आणि मध्ये दोन्हींचे आवाज जुळवायचा मिक्सर, एवढाच त्यांचा संसार. दुनियेने तबकड्या सोडल्या, यांनी नाही सोडल्या, म्हणून धंद्यात सगळे त्यांना 'सुईवाले' म्हणतात. आता स्टेजवर घालायचे कपडे शिवायचा माझा धंदा, म्हणजे दिवसभर हातात सुई माझ्या. पण नाव झालं त्यांचं! असो.

मतांना तर या माणसाकडे तोटाच नाही. दर शनिवारी सकाळी रेडिओवर त्यांना थोडा वेळ देतात आणि ते नाचाच्या संगीतावर तोंडसुख घेतात. तेवढ्याने भागत नाही म्हणून उरलेलं घरी येऊन मला ऐकवतात.

"वहिनी, गाणं आता दाराची कडी काढेपर्यंत संपतं. लोकांनी अंग सैल करायचं कधी आणि नाचायचं कधी?"

"मग लांब गाणी वाजवा. तुम्हाला कोणी अडवलंय?"

"आणि वेग बघा! गाडी सुटत असल्यासारखे पळतायत सगळे. बाकी राहिलं काय, तर जुनं गाणं उकरून काढायचं, खाली धपधप जोडायची, की झालं नवीन. पूर्वी हॉलचा मालक विचारायचा, लोकांना किती वेळ धरून ठेवशील? आता विचारतो, मोबाईलवर तुझ्या मागे किती जण आहेत."

मी म्हणायचे, भाऊजी, तुमच्या तबकड्यांना आमचे सासरेही कटकटच म्हणायचे. यावर ते हमखास चहा मागत. एक नवी पद्धत मात्र त्यांना मनापासून पटली होती. हल्ली नाचाचे कार्यक्रम भर दुपारी होतात, लोक नाचून संध्याकाळी घरी जाऊन वेळेवर झोपतात. "ही एक अक्कल आली बघा," म्हणायचे.

पण एका गोष्टीवर त्यांचं डोकं असं फिरायचं की समोरून उठून जावं. अख्खा कार्यक्रम घरी कॉम्प्युटरवर बांधून आणायचा, स्टेजवर एक बटण दाबायचं आणि नंतर उगाच बटणं फिरवत, हात हवेत नाचवत उभं राहायचं. भाऊजी म्हणायचे, ही सरळ सरळ फसवणूक आहे. समोरचा माणूस खुलला की थकला, ते बघून पुढचं गाणं निवडायचं असतं. सगळं आधीच ठरवून आलास तर माणसं बोलावलीस कशाला?

गेल्या हंगामात एक पोरगा यात पकडला गेला. पुढचं गाणं जुळवायला म्हणून एका कानाला हेडफोन लावून अगदी तल्लीन होऊन ऐकत होता, आणि हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती. कोणीतरी मोबाईलवर टिपलं. आपल्या सुईवाल्यांनी रेडिओवर त्याची अशी सालटी काढली की दोन्ही गोष्टी एकत्र जोडून लोकांनी जगभर फिरवल्या. त्यानंतर त्याला कोणी दारात उभं केलं नाही. आता कुठल्याशा गोदामात खोकी उचलतो म्हणे. मला तेव्हाही वाईट वाटलं होतं. भाऊजींना नाही वाटलं.

आणि त्यांची एकुलती एक लेक त्याच धंद्यात. तिचं स्टेजवरचं नाव मला धड उच्चारता येत नाही, घरी ती बबडी. जाऊबाई संसार मोडून गेल्या तेव्हा ही एवढीशी होती. माझं शिवणयंत्र आणि बापाच्या तबकड्या, यांच्यामध्ये वाढली. पेन्सिल धरायच्या आधी तबकडी धरायला शिकली असेल.

एका मोठ्या मैदानावर दुपारचा कार्यक्रम तिला मिळाला. तो बघायला एका कंपनीची माणसं येणार होती. त्यांना पटली तर वर्षभराचा दौरा तिचा, नाही तर पुन्हा छोट्या हॉलांच्या पायऱ्या झिजवायच्या. मी तिच्यासाठी चंदेरी जाकीट शिवत होते. अंगावर घालून टाचण्या लावत असताना कार्टी म्हणाली, "काकू, एक सांगू? बाबांना कळू द्यायचं नाही."

"कोण आहे तो?"

"तसलं काही नाही गं. माझा कार्यक्रम बांधलेला आहे. सगळाच्या सगळा."

माझ्या हातातली टाचणी तशीच राहिली.

"आग, धूर, पडद्यावरची चित्रं, सगळं सेकंदाला बांधतात काकू. मी एखादं गाणं जरा लांबवलं तर आग भलत्याच ठिकाणी उडेल. आयोजकांची अटच आहे."

"तुला हाताने येतं ना?"

"येतं की. बाबांनीच शिकवलंय. पण ते विचारतंय कोण?"

मी चिडले. म्हटलं, आजच्या आज बापाला सांग, नाही तर मी सांगते. तसे तिचे डोळे भरले. "कार्यक्रम झाला की मी स्वतः सांगते. आता सांगितलं तर ते येणार नाहीत. आणि मला ते यायला हवेत." यावर काय बोलणार? मी भाऊजींना सांगितलं नाही. पण धास्ती होतीच. त्या माणसाचे कान मला माहीत होते. ते मागे उभे राहणार, कान टवकारणार, आणि सगळं बाहेर येणार. तिथेच बोलले तर? शनिवारी रेडिओवर बोलले तर?

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी भाऊजींनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कपाटातून स्वतःचे हेडफोन काढून लेकीच्या गळ्यात घातले. "हे घालून वाजव. जुने आहेत, पण इमानदार आहेत." पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी जाकिटाची बाही ओढत बसले, तिला ओढायची काही गरज नव्हती.

ऊन मी म्हणत होतं. मैदान खच्चून भरलेलं. स्टेजच्या बाजूला काळा पडदा होता, त्याच्याआड आम्ही दोघं उभे होतो. जाकिटाची शिवण उसवलीच तर म्हणून मी, आणि बाप म्हणून ते. बबडी वर गेली, हात उंचावला, आणि पहिला ठोका छातीत बसला. लोक जे उसळले! भाऊजींच्या चेहऱ्यावर काय आनंद! "बघा वहिनी, कशी उभी राहते बघा!" मी हो हो करत होते आणि नजर जाकिटाच्या शिवणीवर ठेवली होती.

दुसरं गाणं आलं, आणि नेमक्या त्याच ठोक्याला स्टेजच्या दोन्ही टोकांना आग उडाली. भाऊजींच्या भुवया वर गेल्या.

"आगवाल्याला आधीच कसं कळलं?"

"तालीम केली असेल," मी म्हटलं.

"तालमीत इतकं नेमकं बसत नाही."

पुढचं गाणं. पुन्हा आग, पुन्हा नेमकी. आता ते लोकांकडे बघेनात, तिच्या हातांकडे बघायला लागले. मी काहीतरी बोलायचं म्हणून उन्हाचं बोलले, जाकिटाचं बोलले. ते ऐकतच नव्हते. एकदम त्यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"वहिनी, वायर."

मी पाहिलं. बबडीने हेडफोनचा एक भाग कानाशी दाबला होता, मान तिरकी करून ऐकत होती, आणि वायर तिच्या गुडघ्याशी लोंबत होती. ऐकायचं काही नव्हतंच तिला, म्हणून जोडायची राहून गेली. पोरीने बापाचं मन राखायला ते गळ्यात ठेवले, आणि तेच तिच्या गळ्याशी आले.

लोकांना समोरून वायर दिसत नव्हती, पुढे टेबल होतं. पण खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस डावीकडच्या जिन्याने वर चढायला लागला होता. तो टेबलाच्या बाजूला आला की त्याच्या कॅमेऱ्यातलं सगळं मागच्या त्या इमारतीएवढ्या पडद्यावर. मग संपलंच. बबडीचा मॅनेजर पलीकडच्या टोकाला फोनवर बोलत होता. मी हात हलवले, ओरडले, त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? आणि शेजारी भाऊजी नुसते उभे. हललेसुद्धा नाहीत. कॅमेरावाला चढतोय आणि हा माणूस उभा! मला वाटलं, आता हे तोंड फिरवून चालायला लागणार.

"भाऊजी, तुमची पोर आहे हो ती!" मी त्यांच्या कानात किंचाळले.

तिथे खोक्यावर पाण्याची बाटली होती. ती त्यांनी उचलली, मान खाली घातली, आणि पाणी पोचवणाऱ्या माणसासारखे स्टेजवर गेले. टेबलापाशी वाकले, बाटली खाली ठेवली, आणि वायर उचलून मिक्सरला जोडली. कॅमेरावाला पोचला तेव्हा पडद्यावर बबडी होती, हेडफोन होते, ताणलेली वायर होती, आणि एका म्हाताऱ्या माणसाची पाठ. पोरीने खाली पाहिलं. बापाला पाहिलं. मग काय करणार, हात वर करून हसली, कारण पुढची आग उडायची वेळ झाली होती.

भाऊजी परत आले. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"उजवं यंत्र चालूसुद्धा नाही," ते म्हणाले. "डाव्यावर सगळ्या गाण्यांची मिळून एकच लांबच्या लांब पट्टी पळतेय."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"जाकीट शिवत होते तेव्हापासून."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द सुनावता आले असते. उरलेला सगळा वेळ ते तिथेच उभे होते, पण त्यांच्या बोटांनी एकदाही ठेका धरला नाही.

कार्यक्रम संपला. मैदान नुसतं गरजत होतं. तेवढ्यात शनिवारी रेडिओवर त्यांना बोलतं करणारी बाई माइक घेऊन धावत आली, मागे तिचा कॅमेरा. "सुईवाले! दर शनिवारी तुम्ही विचारता, या पिढीत खरं वाजवतंय कोण? आज तर घरचाच मामला आहे. सगळे ऐकतायत हं. सांगा, मुलीने खरं वाजवलं?"

या माणसाने संगीताबद्दल कधी खोटं बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्या लग्नात बॅंडवाल्यांना तोंडावर सांगितलं होतं की सनई बेसूर आहे. माइक त्यांच्या ओठांशी होता आणि ते स्टेजकडे बघत होते.

"खरं," ते म्हणाले.

"अगदी छातीवर हात ठेवून?"

"ठोक्याला ठोका तिने हाताने जुळवलाय. मी मागेच उभा होतो. मी नाही बघणार तर कोण बघणार?"

बाई खूश होऊन गेली. भाऊजी शर्टाच्या बाहीने तोंड पुसत राहिले.

मग बबडी जिना उतरून आली. मॅनेजर तिच्या मागे, "दौरा पक्का! झालं काम!" असं ओरडत. तिचं लक्ष नव्हतं. ती बापासमोर येऊन उभी राहिली. लहानपणापासून तिने काहीही वाजवलं की हे चुका काढायचे, मग ती भांडायची, मग दोघं पुन्हा तबकड्या लावून बसायचे. त्यांच्यात लाड असे कधी झाले नाहीत. जे काही होतं ते त्या भांडणातच होतं.

"कसं झालं, बाबा?"

"छान झालं."

"छान?" तिचा चेहराच उतरला. "नुसतं छान? ओरडा ना मला. एक तरी चूक काढा."

"चूक व्हायला तू काही वाजवायला हवं होतंस, पोरी."

आवाज चढवला नाही. तेच फार लागलं. मला दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि दोघांना पोटाशी धरावंसंही वाटलं. पण बबडीही त्यांचीच लेक.

"आणि वाजवताना चुकले असते तर यांनी मला पुन्हा बोलावलं असतं? तुम्हीच सांगा. त्या पोराचं काय झालं? तुम्हीच केलंत ना?"

"मीच केलं," भाऊजी म्हणाले. "आणि आज माझी पोर तिथे होती, तर रेडिओवर खोटं बोलून आलो."

तिला हे माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मॅनेजर फोटोसाठी हाका मारत होता, कंपनीची माणसं हसत हसत आमच्याकडे येत होती. बबडी तोंडावर हात दाबून, पाठ फिरवून उभी राहिली. भाऊजींनी तिच्या पाठीवर ठेवायला हात उचलला आणि तो तसाच धरून राहिले. माणसं अगदी जवळ आली, तेव्हा शेवटी मीच तो धरून खाली घेतला.