गोंड्यामागचा दिवा

फुलवाती निम्म्या वळून झाल्या होत्या, तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली. कारभारी भावजींची गाडी दारात उभी होती आणि तिच्या गोंड्यासाठी सासूबाईंना काळी लोकर हवी होती. कापूस ताटलीत तसाच ठेवून मी बाहेर गेले.

कारभारी माझे धाकटे दीर. करमाडचं दूध पहाटे शहरात पोचवायचं, यातच त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. घरी आले की आधी देवाला हात जोडायचे, मग चहा. चहा घेताना मला चिडवायचे, "वहिनी, तुमच्या देवामुळं पंचाईत झाली बघा. दुधात पाणी घालायची सोय नाय राहिली." जोडीला शाळेपासूनचा मित्र कडुबा. गाडीत रेडिओवर काय लावायचं यावरून दोघं रोज भांडायचे आणि रोज एकाच डब्यात जेवायचे.

गेल्या पौषात दाट धुकं पडलं होतं. करमाडला एका आजारी म्हातारीला भावजींनी पुढं बसवून घेतलं, म्हणून कडुबा मागं कॅनपाशी बसला. वाटेत शेंद्र्याजवळ मागून ट्रक आदळला. म्हातारी वाचली, भावजी वाचले, कडुबा जागीच गेला.

ट्रकवाला शपथेवर सांगत होता, पुढं गाडी आहे हे दिसलंच नाही. भावजी म्हणत होते, मी धुक्याचा दिवा लावला होता. तो दिवा गॅरेजवाल्या वहाबभाईंनी मागच्या बंपरखाली मुद्दाम बसवून दिला होता. नेहमीचा मागचा दिवा धुक्यात जवळ येईस्तोवर दिसत नाही. हा लाल दिवा झगझगीत, त्यामुळं मागच्याला वेळेवर ब्रेक मारता येतो. मोकळ्या हवेत लावला तर मागच्याचे डोळे दिपतात, म्हणून भावजी तो फक्त धुक्यात लावत.

चेपलेली गाडी बघायला वहाबभाई गेले तेव्हा दिवा शाबूत होता, बटणही चालूवरच होतं. त्यांनी त्याच्यावरचा ओला गोंडा हातानं बाजूला केला आणि हळूच म्हणाले, "दिवा तो चालू था, कारभारी. गोंडे के पीछे."

गाडीला नजर लागू नये म्हणून सासूबाई तो गोंडा स्वतः करायच्या आणि अमावस्येला स्वतःच्या हातानं बांधायच्या. भावजींनी आम्हाला देवापुढं उभं करून सांगितलं, आईला हे कळता कामा नये. तेव्हापासून त्यांचं चिडवणं बंद झालं. चहा पुढं ठेवला की निवून जातो.

आज ही दुसरी गाडी आली. तिलाही मागं तसाच दिवा आहे. मी बाहेर गेले तर सासूबाई नेमक्या तिथंच बोट ठेवून उभ्या होत्या, गोंडा इथं बांधायचा म्हणून. भावजी म्हणाले, यंदा गोंडा नको.

"नको कसा?" सासूबाई म्हणाल्या. "त्या अमावसेला माझं गुडघं दुखत व्हतं. नवा गोंडा बांधला नाय, जुन्यावरच भागवलं. म्हणून तर कडुबा गेला."

एवढे महिने त्या हे मनात धरून बसल्या होत्या, आम्हाला कोणाला पत्ता नव्हता. भावजी गाडीला टेकून खाली बसले.

"तसं नाय, आई. बांधायचाच तर पुढं बांध, आरशाला."

"दीठ मागून लागती रं."

"मागच्याला आपण दिसावं लागतं," एवढंच भावजी बोलले आणि त्यांचे डोळे दिव्याकडं गेले.

सासूबाईही बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी दिव्यावर तळवा ठेवला, झाकून बघावं तसा.

"त्या दिवशी झाकला व्हता व्हय?"

भावजींनी डोळे मिटले. सासूबाईंनी तळवा काढला, पदराला पुसला आणि परत पुसला. रडल्या नाहीत. घरात जाऊन देवापुढं बसल्या, पण हात जोडले नाहीत.

बऱ्याच वेळानं त्यांनी मला जवळ बोलावलं. लोकर आणू नको म्हणाल्या. "केसरबाईला म्या सांगितलं पायजे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको."

केसरबाई म्हणजे कडुबाची बायको. भावजी नको नको म्हणत होते, पण सासूबाईंनी चपला घातल्यासुद्धा.

फुलवाती निम्म्याच राहिल्या आहेत. सासूबाईंना घेऊन करमाडला केसरबाईंकडं जायचं आहे.