मांडलेली खोली

बालगृहातल्या मुलीला अठरावे वर्ष सरले की ती वास्तू सोडावी लागे. पुढचे वर्षभर एक संस्था तिच्या खोलीचे भाडे भरत असे. ते वर्ष संपत आले की मी खोलीवर जाऊन पाहायचे आणि मुलगी स्थिरावली आहे की तिला अजून आधार हवा आहे, हे छापील पाहणीपत्रकावर लिहायचे. माझ्या शब्दावर पुढचा निर्णय होई.

औरंगाबाद तेव्हा दोन्ही अंगांनी तापलेले होते. चिकलठाण्याला कारखाने उभे राहत होते, करमाडपासून कन्नडपर्यंतची माणसे खोल्या शोधत शहरात येत होती. आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून गल्ल्या दुभंगल्या होत्या. खोली मागायला जावे तर आधी आडनाव विचारले जाई. या मुलींची आडनावे बालगृहानेच लावलेली. त्यांवरून जात कळत नसे, आणि ते न कळणे घरमालकांना सोसत नसे. अनेक दारांवरून परत फिरलेल्या एका मुलीला मुकुंदवाडीतल्या एका बौद्ध बाईने अखेर आपल्या घरालगतची खोली दिली. मुलगी औषधांच्या कारखान्यात पाकिटे भरत असे.

तिच्या पाहणीला मी सकाळी पोहोचले. नुकत्याच पुसलेल्या शहाबादीचा गारवा तळव्यांना लागला. खिडकीत निळा पडदा मंद श्वास घेत होता. फळीवर पितळी डबे उतरत्या उंचीने उभे होते, त्यांच्यावरचे ऊन मधासारखे दाट दिसत होते. खाटेवर फुलांची चादर होती, आणि कुठूनसा लिंबाच्या लोणच्याचा आंबट, मुरलेला वास येत होता.

"बसा ताई. चहा टाकते," ती म्हणाली. "साखर किती घालू? लई हाय माझ्याकडं."

मला तिचा हेवा वाटला. लग्नाला नऊ वर्षे होऊनही दिरांच्या घरात माझ्या वाट्याला पडद्याआडचा एक बोळ होता. मी कॉलेजात कविता शिकले होते, लिहीतही होते. पण जाऊबाई खोकल्या तरी माझी ओळ तुटे. आणि ही एकोणीस वर्षांची पोर आपल्या आवडीच्या निळ्या उजेडात बसून मला साखर विचारत होती! हिला आई नाही, हे मी स्वतःला दोनदा बजावले. हेवा ओसरला नाही. चहातल्या आल्याचा तिखटपणा जिभेवर असतानाच मी रेखीव अक्षरात लिहिले : ‘मुलगी पूर्णपणे स्थिरावली आहे. मदत थांबवण्यास हरकत नाही.’ लिहिताना हात जराही अडखळला नाही.

घाईत तिची सही मात्र राहिली. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या चिटणिसांनी मला त्यासाठी परत पाठवले. या वेळी मी न कळवता गेले.

खिडकी उघडीबोडकी होती. खाट नव्हती, डबे नव्हते, स्टोसुद्धा नव्हता. चटईवर बसून मुलगी चुरमुरे खात होती. मला पाहून ती धडपडत उठली. तेवढ्यात घरमालकीण दारात आली.

"आज परत तपासणी व्हय गं? मग खाट कशाला माघारी न्यायला लावली? आमच्या ह्यांची कंबर धरली की!"

"सगळं सामान यांचं होतं?" मी मुलीला विचारले.

"मावशीचं. तपासणी म्हणल्यावर असंच करत्यात ना, ताई?" तिला खरोखरच नवल वाटले होते. "बालगृहात पाहुणे यायचे तवा कपाटातल्या नव्या चादरी निघायच्या. पाहुणे गेले की परत कपाटात. जिची गादी मळकी दिसली, तिला लई बोलणी बसायची."

सहीसाठी तिने माझ्या हातातला कागद घेतला आणि ओळींखालून बोट फिरवत वाचला. बोट शेवटच्या ओळीवर थांबले.

"मंजी खोली जाणार? मी चांगलं दाखवलं म्हणून?"



"दुसरं कोण ठेवून घेईल हिला?" घरमालकीण म्हणाली. "हिच्या पगारात हिचं पोटच कसंबसं भरतंय. मी बी फुकट किती दिवस ठेवणार, बाई? आमचं आम्हालाच पुरंना."

मी ती ओळ खोडली आणि जे दिसत होते ते लिहायला घेतले. मुलगी माझ्या खांद्यावरून पाहत होती.

"चटई फाटकी हाय, तेवढं नका लिहू. तिकडं संस्थेत सगळ्यांसमोर वाचत्यात."

चटई मी वगळली. तिने सही केली, पण या वेळी बसा म्हणाली नाही.

चिटणिसांनी कागद चष्म्याजवळ नेला. "काल सगळं होतं, आज काहीच नाही? खोली तीच ना, बाई?"

"तीच. काल मी नीट पाहिलं नव्हतं."

त्यांनी आणखी एका वर्षाची मंजुरी लिहिली. माझे उत्तर खोटे होते. आदल्या सकाळी ती मांडलेली खोली मी जितक्या बारकाईने पाहिली, तितक्या बारकाईने दुसऱ्या कोणाचे घर मी आजवर पाहिलेले नाही.