फुंकल्याशिवाय सुरू न होणारी गाडी

आमच्या गाडीत ते मशीन बसवून घेतलं, त्या दुपारी मी मेकॅनिकच्या मागे मागे इतकी फिरले की शेवटी त्याने मला बसायला स्टूल आणून दिलं. टीव्हीच्या रिमोटहून जरा जाड असा काळा डबा, त्याला जुन्या टेलिफोनसारखी कुरळी वायर. गाडी सुरू करायच्या आधी त्यात फुंकायचं. नुसतं फुंकून भागत नाही, फुंकता फुंकता घशातून ‘हूंऽऽ’ असा आवाजही काढायचा, म्हणजे जिवंत माणूसच फुंकतोय याची मशीनला खात्री पटते. श्वासात दारू सापडली नाही तरच गाडी सुरू होते, आणि समोरचा बारका कॅमेरा फुंकणाऱ्याचा फोटो काढून ठेवतो.

“म्हणजे भ्रामरी प्राणायामच की!” मी म्हणाले.

नवरा भिंतीवरचं टायरच्या दुकानाचं कॅलेंडर वाचत उभा होता. तो हसला नाही. मला मात्र हसूही येत होतं आणि शंभर प्रश्नही पडत होते. मी आयुष्यभर एका खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत सॉस आणि लोणच्यांचे नमुने तपासले. कुठलाही डबा दिसला की तो आतून कसा चालतो हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

हे मशीन आमच्या गाडीत आलं ते असं. माझा नवरा हृदयाचा डॉक्टर, आता निवृत्त. अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावातल्या निम्म्या मराठी घरांचा काका. आमच्या मंडळींत पार्टीचा एक अलिखित नियम आहे. जाताना नवरे गाडी चालवतात, येताना बायका. कोणी कोणाला सांगत नाही, निघायच्या वेळी किल्ल्या आपोआप आमच्या पर्समध्ये येतात. पण त्या आठवड्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. एका मित्राच्या लग्नाच्या वाढदिवसाची पार्टी होती, आणि येतानाही गाडी नवऱ्यानेच चालवली. मी शेजारी बसल्या बसल्या झोपले. जाग आली तेव्हा आरशात लाल-निळे दिवे फिरत होते आणि नवरा बाहेर थंडीत पोलिसासमोर उभा होता.

पुढे कोर्ट झालं, गुन्हा सिद्ध झाला, लायसन्स गेलं. श्वासातला आकडा साधासुधा नव्हता, चांगला घसघशीत होता. पण नवऱ्याचं पहिल्या दिवसापासून एकच पालुपद. “दोनच पेग घेतले होते. पोलिसांचं मशीन चुकलं.” वकिलापुढे तेच, माझ्यापुढे तेच, लेकीपुढेही तेच.

लेक शेजारच्याच गावात राहते. दर शनिवारी नवरा तिच्या मुलीला पोहण्याच्या क्लासला न्यायचा आणि नंतर दोघं कुठेतरी पॅनकेक खाऊन यायची. त्या एका सकाळसाठी त्याचा आठवडा चालायचा, असं म्हटलं तरी चालेल. लेकीने ते बंद केलं. “लायसन्स परत मिळालं तरी नाही, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही आधी सांगायचं की मी ड्रंक होतो. ती दोन पेगची स्टोरी मला नको. जे झालंच नाही म्हणता, ते पुन्हा होणार नाही यावर मी ट्रस्ट कसा करू?”

“मी खोटं कशाला बोलू?” नवरा म्हणाला, आणि विषय तिथेच थांबला. लायसन्स परत कसं मिळवायचं हे सांगायला वकील होता, विम्याची एजंट होती, सरकारी पुस्तिका होती. ते एक वाक्य त्याच्या तोंडून कसं काढायचं हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

पहिली पायरी विम्याची. आमच्या जुन्या विमा कंपनीने इतक्या वर्षांचा आमचा शहाणपणा विसरून चार ओळींत आम्हाला निरोप दिला. मग आम्ही एका डोनटच्या दुकानाशेजारच्या एजंटच्या ऑफिसात गेलो. एजंट बाई गोल चेहऱ्याच्या, नखांवर बर्फाची फुलं रंगवलेली. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा आहे का, हे त्यांनी कॉफीत दूध चालेल का अशा सुरात विचारलं. नवऱ्याने मान हलवली.

“मग तुम्ही हाय रिस्कमध्ये येता, हनी,” त्या म्हणाल्या. “पण काळजी करू नका. माझ्याकडे येणारे बहुतेक तिथलेच असतात.”

मी लगेच खुर्ची पुढे ओढली. कोण असतात ही माणसं? बाईंनी नावं न घेता सांगितलं. शाळामास्तर, छपरं दुरुस्त करणारे, एक पाद्रीसुद्धा. आणि हा विमा चालतो कसा? तर पॉलिसी चालू आहे असं विमा कंपनीच सरकारला कळवते. पॉलिसी बंद पडली तर तेही तीच कळवते, आणि लायसन्स पुन्हा जातं. म्हणजे आपली चुगली करणारा माणूस आपणच पगार देऊन ठेवायचा. मला ही व्यवस्था फार आवडली. मी आणखी काही विचारणार होते, पण नवऱ्याने माझा कोपर दाबला.

गाडीत बसल्यावर त्याने पट्टा लावला. मग म्हणाला, “मी आयुष्यभर लोकांना हाय रिस्क म्हणत आलो. कोणी कधी रागावलं नाही.”

“तू त्यांना हनी म्हणत नव्हतास,” मी म्हणाले.

नंतर लेखी परीक्षा. दारू आणि ड्रायव्हिंग या विषयावर सरकारची पुस्तिका असते, तिच्यावर प्रश्न येतात. स्वयंपाक करता करता मी प्रश्न विचारायची आणि तो जेवणाच्या टेबलाशी बसून उत्तरं द्यायचा. उत्तर देण्याऐवजी तो पुस्तिकेशीच वाद घालायचा. “यकृताबद्दल हे फार ढोबळ लिहिलंय,” वगैरे. मी म्हटलं, “तुला तपासायला नाही दिलीय, पाठ करायला दिलीय.” परीक्षेच्या हॉलमध्ये बाकी सगळी पोरं नातवंडांच्या वयाची. पास होऊन बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर अगदी मेडिकलचा निकाल लागल्याचा आनंद. दोन पावलं चालल्यावर आपण कशात पास झालो ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो आनंद लगेच मावळला.

मग मशीन आलं, आणि त्याच्यासकट गाडी चालवायची परवानगी मिळाली. ठरलेल्या मुदतीत एकदाही दारू सापडली नाही तर पूर्ण लायसन्स परत. चालत्या गाडीतही ते मशीन मधूनच बीप करतं आणि पुन्हा फुंकायला लावतं. एकदा देवळाच्या पार्किंगमध्ये शिरताना ते असं ओरडायला लागलं की पुढच्या गाडीतल्या काकू वळून बघायला लागल्या. नवरा फुंकत ‘हूंऽऽ’ करत होता आणि मी त्यांना हात जोडून नमस्कार करत होते. “हे काय नवीन?” त्यांनी नंतर विचारलं. “जीपीएस,” नवरा म्हणाला. तेव्हापासून मी त्या डब्यावर भरतकामाचा रुमाल टाकायला लागले. मराठी मंडळात आम्ही ताकास तूर लागू दिली नाही.

मुदत संपत आली होती. हिवाळा होता आणि नवऱ्याचा खोकला हटत नव्हता. एका सकाळी तो वाचनालयात जायला गॅरेजमध्ये गेला आणि पाचच मिनिटांत परत आला. कोट न काढता सोफ्यावर बसला.

“फेल दाखवतंय,” तो म्हणाला.

“परत फुंकलंस?”

“नाही.”

“का नाही?”

“परत फेल आलं असतं तर?”

मला खरंच राग आला. मी विचारलं, “प्यायलास का?”

“थेंबही नाही.”

“त्या रात्रीही दोनच पेग होते,” मी म्हणाले. “मी कोणत्या वाक्यावर विश्वास ठेवू, सांग ना.”

मी चहाची भांडी घासायला गेले, कारण रागात मला काहीतरी घासायला लागतं. सिंकमध्ये एक चमचा पडलेला होता, तपकिरी आणि चिकट. मी तो नाकाशी नेला आणि साबणाचा हात तसाच राहिला.

माझ्या नणंदेने साताऱ्याहून येणाऱ्या कोणाबरोबर तरी दशमूलारिष्टाची बाटली पाठवली होती. खोकला, अशक्तपणा, सगळ्यावर एकच, दोन चमचे रोज रात्री. आज मात्र खोकल्यामुळे त्याने निघता निघताही घेतलेलं दिसत होतं. नवऱ्याने जन्मभर आयुर्वेदाला नाकं मुरडली, पण मोठ्या बहिणीने दिलेलं औषध नाही म्हणायची त्याची अजून टाप नाही. त्या औषधात दारू वरून घालत नाहीत. ते महिनाभर आंबवतात, आणि ती आतल्या आत आपोआप तयार होते. हृदयाच्या डॉक्टराला हे माहीत नसावं? माहीत असणार. पण ताईने दिलेलं औषध आणि दारू या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधी एका खोलीत बसल्याच नव्हत्या. माझ्याही नाही, खरं सांगायचं तर. बाटली मीच फ्रिजशेजारी ठेवली होती.

“चल गॅरेजमध्ये,” मी म्हणाले.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, तो शेजारी. बाटली आणि चमचा माझ्या मांडीवर. माझा बेत कळल्यावर तो ओरडला, “अगं, रेकॉर्ड माझ्या नावावर होईल!”

“फोटो माझा येईल,” मी म्हणाले. दोन चमचे घेतले, तोंड वाकडं केलं आणि फुंकलं. हूंऽऽ. फेल.

मला इतका आनंद झाला की मी टाळीच वाजवली. आता थांबायचं होतं. दारू पोटातून रक्तात गेलेली असेल तर आकडा इतक्यात उतरत नाही, पण नुसती तोंडात राहिलेली असेल तर थोड्या वेळात उडून जाते. मी पाण्याने चूळ भरली, आणि आम्ही थंडीत कुडकुडत बसून राहिलो. मी त्याला हे सगळं उत्साहाने समजावून सांगत होते. तो समोरच्या भिंतीवर टांगलेल्या फावड्याकडे बघत होता. मशीनने पुन्हा बीप केलं. मी फुंकलं. पास.

लायसन्सच्या खात्याने पुढे हे दोन्ही फोटो पाहिले, आमचं पत्र वाचलं आणि लायसन्स ठरल्या वेळी दिलं. पण ते नंतरचं. त्या सकाळी मला कोणाला तरी सांगायची घाई झाली होती. “लाव तिला फोन,” मी म्हणाले. “सांग, बाबा निर्दोष सुटले.”

त्याने फोन लावला, स्पीकरवर ठेवला. लेक म्हणाली, “हां बाबा, बोला. ऑल ओके ना?”

“मशीन चुकलं नव्हतं,” तो म्हणाला.

मी त्याला हाताने खुणावलं, अरे, काय सांगतोयस, आधी औषधाचं सांग. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

“त्या रात्रीचं म्हणतोय. पोलिसांनी मला असंच थांबवून ठेवलं होतं. तोंडात काही राहिलं असेल तर निघून जावं म्हणून. मग पुन्हा फुंकायला लावलं. आकडा उतरला नाही. मला तेव्हाच कळलं होतं, मी डॉक्टर आहे. पेग मी मोजलेच नव्हते गं. मी ड्रंक होतो.”

नवऱ्याचा आवाज बारीक झाला होता. “तुझी आई शेजारी झोपली होती. डोळ्यावर पट्टी होती तिच्या. मी तिला घेऊन कुठेही आदळलो असतो. ते मनात आलं की पुढचं बघवत नाही, म्हणून मी दोन पेग, दोन पेग म्हणत राहिलो.”

वर्षभर मी त्या मशीनला, त्या एजंट बाईला, त्या पुस्तिकेला इतके प्रश्न विचारले. त्या रात्री गाडीत दुसरं माणूस कोण होतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी चमचा खाली ठेवला आणि त्याचा हात धरला.

लेक रडक्या आवाजात म्हणाली, “आई, तू आहेस ना तिथे?”

“आहे,” मी म्हणाले.