खांद्याचा व्यायाम

"यांना झाडू द्या. घरची सवय असेल."

शहापूरच्या थेरपी सेंटरमधले सर माझी फाइल मिटता मिटता म्हणाले. माझ्यासमोर. मला ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. लकव्याने उजवा हात आणि जीभ दोन्ही नेली होती.

फाइल भरताना त्यांनी विचारलं होतं, "सापगाव? गावात कुठल्या बाजूला?" या प्रश्नाचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. बायको म्हणाली, "बुद्धविहारापाशी." नोकरीच्या रकान्यात तिने क्लार्क लिहिलं होतं. तो रकाना सरांना दिसला नाही.

तिथली पद्धत अशी, की ज्याचं जे काम तेच हाताला परत शिकवायचं. सोनाराला चिमटा आणि मणी. रिटायर मास्तरांना खडू-फळा. मला हॉल.

"खांद्याला चांगला व्यायाम आहे," सर म्हणाले. असेलही. पण खांदा मास्तरांचाही धरला होता. त्यांच्यासाठी भिंतीला दोरी आणि कप्पी होती.

मी झाडलं. अकरा दिवस. बायको बाहेर बाकावर बसायची. कसं झालं विचारलं की मी डावा अंगठा वर करायचो. माझा आजा गावची चावडी झाडायचा. दीक्षा घेतली आणि त्याने झाडू टाकला. त्यानंतर आमच्या घरात कुणी दुसऱ्याच्या फरशीसाठी तो उचलला नव्हता. मी उचलला. शिकलेल्या, नोकरीवाल्या माणसाने.

एवढंच असतं तर कदाचित आजही बोललो नसतो.

सुमनताई धसईची, आमच्यातलीच. बाजारात भाजी विकायची. डावी बाजू गेलेली, तरी मुरबाडला एसटी बदलून यायची. अकराव्या दिवशी सरांनी तिच्यापुढे बादली आणि फडकं ठेवलं.

"मला तराजू पायजे. पोटाचं काम हाय माजं."

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "ते बघ. सरकारी बाबू असून झाडतात. तुला काय झालं गो?"

क्लार्क तेव्हा बरोबर आठवला त्यांना.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. झाडत राहिलो. तिने फडकं पिळलं.

तिच्याविरुद्ध मला साक्षीला उभं केलं आणि मी साक्ष दिली. मुक्याने.

निघताना ती जवळ आली. "भाऊ, तुमी झाडता म्हनून मी पुसलं. नायतर नसतं पुसलं." चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

बाराव्या दिवशी सरांनी झाडू पुढे केला. मी हात खालीच ठेवला. बोलण्याच्या व्यायामात अजून पा-पा, मा-मा चाललं होतं. आधी लाळ आली. मग शब्द.

"झा... झाडनार नाय. पेन द्या. तिला तराजू."

मास्तरांचा खडू थांबला. आणि सरांनी टाळ्या वाजवल्या.

"अरे वा! बोलायला लागले!"

टाळ्या! माझ्या नकारावर. जणू तोही त्यांच्याच उपचाराचा गुण. सोनारानेही वाजवल्या.

"मनाला लावून घेऊ नका," सर हसत म्हणाले. "इथे सगळे पेशंट सारखे."

"मग... मास्तरला द्या."

टाळ्या थांबल्या. हसूही. बाजूला सुमनताईने फडकं बादलीत टाकलं, पाणी सरांच्या बुटांवर उडालं. तिने सॉरी म्हटलं नाही.

मी तक्रार लिहितोय. उजव्याच हाताने. डाव्याने एका दुपारीत झाली असती. चार ओळींना तीन दिवस गेले. अक्षर वाकडं आहे, वाचता येतं. पहिली ओळ सरांवर नाही, माझ्यावर आहे: मी अकरा दिवस झाडलं, माझं बघून सुमनताईला पुसावं लागलं. दुसऱ्या ओळीपासून सर आहेत. खाली सुमनताई सही करणार आहे. "माजं पुरं नाव टाका," ती म्हणाली, "गावासकट."

उपचार सोडणार नाही. हात आमचे आहेत, ते परत घेणार. सोमवारी दोघं जाणार, मी पेन घेऊन, ती घरचा तराजू घेऊन. झाडू कोपऱ्यात आहे. फरशी ज्याची आहे, त्याने झाडावी.