माझ्या लग्नाच्या आड आलेली शाळा

आम्ही भावंडं कुठल्याही कार्याला जमलो, की जेवणं आटोपल्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "आबांच्या शाळेचं निघू द्या." मग काय, कडब्याच्या गंजीतून एक पेंढी ओढावी आणि अख्खी गंजीच अंगावर यावी, तसं होतं. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. त्यातून माझा धाकटा भाऊ किसन प्रत्येक किस्सा आपल्या सोयीनं सांगतो. म्हणून म्हटलं, मीच एकदा सांगून टाकावं.

परवा माझी नात म्हणाली, "आजी, मुलांना घरीच शिकवतात ना, त्याला होमस्कूलिंग म्हणतात. एकदम नवीन आयडिया आहे." म्हटलं, असेल बाई.

आमचं गाव शिरड शहापूरच्या पलीकडचं. राज्य निजामाचं. सरकारी शाळा लांब, आणि तिथं शिकवणं उर्दूतून. आमचे आबा लहानपणी वाशीमला मामाकडे राहून मराठी चार बुकं शिकलेले. त्यांच्या मनानं घेतलं, की आपली लेकरं आपणच आपल्या भाषेत शिकवायची, घरी, ओसरीवर. किसनच्या शिकण्याला कुणाची हरकत नव्हती. वांधा माझा होता. नरसीच्या आत्यानं माझ्यासाठी स्थळ आणलं होतं आणि मायला ते पसंत होतं. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन.

आबा म्हणाले, "पोरीचं तिसरं बुक होईस्तोवर लग्नाचं नाव काढायचं न्हाई."

माय म्हणाली, "अन् मधीच तुमची शाळा बंद पडली तर?"

"तर तू म्हणशील तसं."

म्हणजे मामला सरळ होता. शाळा चालू तर लग्न बंद, शाळा बंद तर लग्न चालू. माझ्याइतकी शाळेवर माया करणारी पोरगी त्या वेळी अख्ख्या निजाम स्टेटात नसेल!

*

शाळा म्हटल्यावर घंटा पाहिजे, असं आबांचं मत. आता खेड्यात घंटा कुठून आणणार? त्यांनी घरातलं लोखंडी घमेलं ओसरीच्या खांबाला टांगलं आणि पहिल्या दिवशी सकाळी विळ्याच्या मुठीनं दणादण वाजवलं. आम्ही दोघं अजून तोंड धूत होतो.

पण गुरांना सरकी-ढेप घालायच्या वेळीही आबा तेच घमेलं वाजवायचे. म्हैस खुंट्यासकट निघाली. तिच्यामागून दोन कालवडी. तिघी ओसरीसमोर माना वर करून ओळीनं उभ्या राहिल्या.

किसन तोंड पुसत बाहेर आला. म्हणाला, "आबा, ह्या कोणत्या वर्गात?"

माय चुलीपुढून म्हणाली, "तुझ्या पुढच्या. त्या येळेवर येतात."

*

पाटी घरात एकच होती, ती किसननं लगेच फोडली. दुसरी आणायची तर वाशीमची खेप पडणार. पण आबांचं डोकं असं थोडंच थांबतं? माय रोज सकाळी ओसरी शेणानं सारवायची. ओलं सारवण म्हणजे आयती पाटी! आम्ही पायरीपासून सुरुवात केली आणि बोटानं अक्षरं काढत मागं मागं सरकत पार घराच्या दारापर्यंत पोचलो. ऊन आलं, सारवण वाळलं आणि 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी अक्षरं खडखडीत उमटली. आबा कौतुकानं बघत दारात उभे होते.

तेवढ्यात माय विहिरीवरून घागर घेऊन आली आणि पायरीशीच थांबली. आत यायचं तर अक्षरांवर पाय द्यावा लागत होता. अक्षर म्हणजे साक्षात सरस्वती, तिला पाय लावायची कुणाची छाती? आम्ही आत, माय बाहेर, आणि मधे सगळी मुळाक्षरं पसरलेली.

"आता काहून उभी हायेस? ये की," आबा म्हणाले.

"तुमी या की बाहेर."

आबांनी पाय उचलला आणि परत ठेवला.

शेवटी मायनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "मी बाहेर, चूल आत. आज सरस्वतीलाच भाकरी टाकायला सांगा."

मग आबांनी खाली बसून, एकेका अक्षराला नमस्कार करत, सगळी ओसरी ओल्या फडक्यानं पुसत वाट काढली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही कोळशानं भिंतीवर लिहायला लागलो.

*

आमच्याकडे घड्याळ नव्हतं. आबांनी ठरवलं होतं, की खांबाची सावली अंगणातल्या पाट्याला टेकली की शाळा सुटली. पाटा म्हणजे मिरची वाटायचा, दगडाचा. एवढा जड दगड कोण हलवतो, असं त्यांना वाटलं. किसनला त्यांनी ओळखलंच नव्हतं. तो रोज पहाटे पाटा टीचभर सावलीकडे सरकवायचा. मी त्याला दोनदा बडवलं, कारण शाळा आटली की माझी पंचाईत. पण तो ऐकेल तर किसन कसला.

शाळा रोज थोडी थोडी लवकर सुटायला लागली. आबा चक्रावले. पंचांग काढून बसले, गावच्या जोशांनाही विचारून आले. जेवताना मायला म्हणाले, "औंदा सूर्याचं काहीतरी बिघडलंय बघ. लई घाई करून राहिला."

माय म्हणाली, "सूर्य बराबर हाये. माझा पाटाच तेवढा चालून राहिला."

त्या रात्री किसनला भाकरी उशिरा मिळाली आणि पाटा जागेवर गेला.

*

मसाजी धनगर आमच्या शेजारचा. शेळ्या-मेंढ्यांमागं रानोमाळ हिंडणारा माणूस, पण पोरीवर फार जीव. एक दिवस तो रखमाला घेऊन आला. तिच्या हाताशी दोरीला एक करडू.

"गुरुजी, हिलाबी बसवा. अन् हे करडू तुमाला."

आबांना पहिल्यांदाच कुणी गुरुजी म्हटलं होतं. ते इतके हरखले, की करडूही ओसरीवरच बांधलं. वर्गात आता तिघं आणि करडू. चौथ्या दिवशी आबा पाणी प्यायला आत गेले आणि बाहेर येऊन बघतात, तर वाशीमहून आणलेल्या अंकलिपीतले सगळे मोठे पाढे करडानं खाऊन टाकलेले. आबा तसेच मसाजीच्या दारात गेले.

मसाजीनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "बरं झालं गुरुजी. आमच्या घरातलं एक तरी पोटात इद्या घेऊन हाये."

ती अंकलिपी पुढं आबांनी आठवून आठवून हातानं पुरी केली. रखमा मात्र अशी शिकली, की वर्षभरात माझ्या पुढं गेली.

*

रखमाचं बघून आणखी पोरं आली. सुताराचा गणपत आला, कोष्ट्याच्या दोघी बहिणी आल्या, बघता बघता ओसरी भरली. बाजारच्या दिवशी नरसीहून आत्याचा निरोप यायचा, "शाळा पडली का बंद?" माय सांगून धाडायची, "अजून न्हाई." निरोप देताना ती माझ्याकडे बघायची, आणि मी बुकात तोंड खुपसायची.

पण ओसरी भरली आणि नवंच संकट उभं राहिलं. आपली लेकरं आपण घरात शिकवली तर कुणी विचारत नव्हतं. दुसऱ्यांची बसवली, की निजामाच्या कायद्यात तो खाजगी मदरसा, म्हणजे शाळा होते, आणि त्याला वरून परवानगी लागते. ती मागायला गेलेले लोक म्हातारे होऊन परत येत. आमच्या ओसरीची चुगली कुणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. एके दिवशी सकाळी तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे साहेब घोड्यावरून थेट दारात उतरले. बरोबर एक शिपाई.

साहेबांनी ओसरीवरून नजर फिरवली. "ये सब बच्चे किसके हैं?"

आबांनी त्याच आठवड्यात आम्हाला 'खोटे बोलू नये' शिकवलं होतं. ते भिंतीवरच्या कोळशाच्या अक्षरांकडे बघायला लागले. मला तर वाजंत्री ऐकू यायला लागली.

माय पदर सावरत बाहेर आली. "माझी हायेत."

"सब के सब?"

"समदी."

"कितने हैं?"

"साहेब, लेकरं मोजत नसतात. नजर लागते."

साहेबही लेकुरवाळे असावेत. "बराबर है," म्हणाले. पण माणूस कच्चा नव्हता. मी आणि रखमा शेजारी बसलो होतो, उंचीनं सारख्या. त्यांनी विचारलं, "इन में बड़ी कौन?"

माय म्हणाली, "कामाच्या येळी ही, जेवायच्या येळी ती."

साहेबांनी निंबाखालची बाज ओढली आणि बसले. "अच्छा. हम बैठते हैं." त्यांचा बेत माझ्याही लक्षात आला. दुपार झाली की लेकरं जेवायला आपापल्या घरी पांगणार.

माय आत गेली. मग नुसता भाकरी थापल्याचा आवाज. थांबतच नव्हता. ऊन डोक्यावर आलं तसं तिनं सगळ्यांना एका पंगतीत बसवलं आणि वाढायला घेतलं. तेवढ्यात बोळातून मसाजीची हाक आली, "रखमे, चल जेवाया!"

साहेबांनी मान वळवली. माय टोपलं हातात घेऊन दारातूनच म्हणाली, "मसाजी, माझी पोरगी माझ्या घरी जेवून राहिली. तुमी तुमच्या मेंढरांकडं बघा."

मसाजीनं साहेबांकडे बघितलं, पंगतीकडे बघितलं. म्हणाला, "चुकलं बाई. मला वाटलं, आमचं करडू हुकून इकडं आलं."

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही. मायनं त्यांच्याही पुढं भाकरी अन् ठेचा ठेवला. तो खाऊन, हात धुऊन ते शिपायाला म्हणाले, "लिख दो. घर है, मदरसा नहीं."

त्यांचा घोडा वेशीबाहेर पडतो न पडतो, तोच नरसीहून आत्याची बैलगाडी आली. साहेब आल्याची खबर तिला वाटेतच लागलेली. गाडीतून उतरतानाच म्हणाली, "पडली न्हवं एकदाची बंद? आता सुपारी फोडून टाकू. कुठं हाये पोरगी?"

मायनं हाताचं पीठ झटकलं आणि आम्हा सगळ्या पोरींकडे बघितलं.

"कोणती, वन्सं? समद्या माझ्याच हायेत, आताच सरकारात लिहून गेलंय. समद्यांचं तिसरं बुक होऊ द्या, मंग बघू."