होल्गरच्या टेबलावरची मरणं

होल्गर ब्यूस्ट्रम घरात शिरलेली माशीसुद्धा मारत नसे. तिच्यावर ग्लास पालथा घालायचा, खालून पोस्टकार्ड सरकवायचं आणि तिला बाहेर सोडून यायचं, ही त्याची पद्धत. हिवाळा असेल तर बाहेर गारठेल म्हणून तळघरात सोडायचा. आणि याच माणसाने स्वीडनमधल्या आमच्या हार्नोसांद गावात जेवढी माणसं मारली तेवढी कुठल्या साथीनेही मारली नसतील. अर्थात कागदावरची.

आम्ही दोघं वाचनालयाच्या बसवर होतो. तो बस चालवायचा, मी खेड्याखेड्यांतून पुस्तकं द्यायचो-घ्यायचो. रविवारी दुपारी त्याच्या स्वयंपाकघरात आमचा खेळ चालायचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं: कुणी शिलेदार, कुणी चोर, कुणी वैदू. पुढे काय घडतं ते होल्गर सांगणार, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि जिथे शंका असेल तिथे फासे टाकायचे. असले खेळ दुकानात तयार मिळायचे, पण होल्गरला ते पटत नसत.

"त्यात माणसाला ड्रॅगन चावतो," तो बस चालवता चालवता चिडून म्हणायचा, "आणि तो घोटभर काढा पिऊन जेवायला बसतो! अरे, लष्करात असताना आमच्यातल्या एकाचा अंगठा वाटाण्याच्या पत्र्याच्या डब्याने कापला, तर तो आठवडाभर इस्पितळात होता. डब्याने! तलवारीचं तर बोलूच नको."

म्हणून त्याने स्वतःचे नियम लिहिले. प्रत्येक हत्याराचा वेगळा तक्ता, प्रत्येक अवयवाचा वेगळा तक्ता. जखम चिघळण्याचा तक्ता. बर्फावरून घसरण्याचा, जिन्यावरून पडण्याचा. रक्त किती वेगाने जातं हे विचारायला तो आरोग्यकेंद्रातल्या नर्सकडे गेला होता. ती समजावून सांगत असतानाच त्याला भोवळ आली आणि तो खिडकीतल्या कुंड्यांसकट खाली आला.

आमच्यात पिर्यो होती. मूळची फिनलंडची, गावात केस कापायचं दुकान चालवायची. तिने पहिल्या रविवारी आपल्या शिलेदाराचा सगळा पूर्वेतिहास लिहून आणला. आई कोण, बाप कोण, कपाळावरचा व्रण कशाचा. पहिल्याच वळणावर एक भुरटा चोर आडवा आला. पिर्योने तलवार उपसली. चोराने घाबरून विळा फिरवला. होल्गरने फासे टाकले, तक्ता पाहिला आणि मान खाली घातली.

"काय झालं?" पिर्यो म्हणाली.

"मांडीची मोठी शीर. मला फार वाईट वाटतंय गं."

"मेला? अरे, मी अजून त्याचं नावसुद्धा सांगितलं नाहीये!"

"सांग ना. कबरीवर लिहायला लागेलच."

माझा वैदू काट्याने ओरखडला आणि चिघळण्याच्या तक्त्यात गेला. "हात साबणाने धुतलेस का, असं मी विचारलं होतं," होल्गर कळवळून म्हणाला. चौथा गडी होता ऊनो, औषधांच्या दुकानातला. त्याचा तिसरा सरदार घोड्यावर चढतानाच गेला, तेव्हा तो कोट घालून जो निघून गेला तो परत आला नाही.

राहिलेलो आम्ही मात्र बदललो. तलवार म्यानातून निघताना नुसता आवाज झाला तरी आम्ही पळत सुटायचो. आम्ही राक्षसासमोर टोपी काढून उभे राहायला लागलो. पळायच्या वाटा आधी बघायच्या, मग आत शिरायचं. अख्ख्या स्वीडनमध्ये आमच्याइतकी भित्री टोळी नसेल, आणि आमच्याइतकी मजाही कुणाला येत नसेल.

ऊनोची जी खुर्ची रिकामी झाली तिच्यावर होल्गरची बायको मायकेन येऊन बसली. ती बालवाडीत शिकवायची. इतके दिवस ती ओट्यापाशी उभी राहून कॉफी गाळता गाळता आमची मरणं ऐकत होती. तिने मधमाश्या पाळणारी एक विधवा घेतली, तोरा नावाची. पहिल्याच दिवशी तोराला दरोडेखोरांनी गाठलं.

"कुणी सुरुवात केली?" मायकेनने विचारलं.

"कशाची?" होल्गर दरोडेखोराच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"ती कुऱ्हाड आधी खाली ठेव. मग बोलू. आणि नाक पूस."

दरोडेखोराने कुऱ्हाड खाली ठेवली. बिचाऱ्याचा इलाजच नव्हता, त्याच्या तोंडून बोलणारा माणूस तिचा नवरा होता.

अशी तोरा वर्षानुवर्षं जगली. तिने दोन राजांचं भांडण मिटवलं, एका राक्षसाला मध विकायला बसवलं. आमची पात्रं येत होती, मरत होती. तोरा सगळ्यांच्या मातीला हजर. होल्गरचा तिच्यावर इतका जीव जडला की बसमध्ये तो तिच्याबद्दलच बोलायचा. "काल काय बोलली बघ ती," असं म्हणाला की ती म्हणजे बायको की तोरा, हे मला विचारून घ्यावं लागे.

मग एप्रिलमधल्या एका रविवारी तोरा एका लग्नाची घंटा वाजवायला मनोऱ्यावर चढली. पाऊस पडून गेलेला, बूट ओले.

"ओल्या पायऱ्या," होल्गर म्हणाला. "टाक फासे. उगाच आपलं, नियम म्हणून."

मायकेनने टाकले. वाईट पडले. तोरा घसरली. जिन्याच्या तक्त्यासाठी पुन्हा टाकले. होल्गरने तक्त्यात पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

"फासा टेबलाच्या कडेला लागला," तो म्हणाला. "हा धरायचा नाही."

"काय?" पिर्यो उभीच राहिली. "माझ्या शिलेदाराच्या वेळी फासा केकच्या बशीत पडला होता! क्रीम पुसून आकडा वाचलास तू!"

"होल्गर, काय लिहिलंय?" मायकेनने विचारलं.

"आधी कॉफी घ्यायची का?"

"होल्गर."

"मान," तो पुटपुटला. "पण हा तक्ता मला कधी पटलाच नव्हता."

"तूच लिहिलायस तो."

"तेव्हा मी तरुण होतो!"

मायकेनने त्याच्या हातावर हात ठेवला. "हे बघ, ती खरंच मरू शकते म्हणून तर मी इतकी वर्षं प्रत्येक भामट्याशी जीव मुठीत धरून बोलले. आता तू तिला वाचवलंस, तर ते सगळं फुकट बोलले असं होईल. वाच."

होल्गर उठून न्हाणीघरात गेला. बराच वेळ नळाचा आवाज येत होता. परत आला तेव्हा त्याचे डोळे रडून लाल झाले होते, आणि मग त्याने तोराचं मरण वाचलं नाही, सांगितलं. खाली मांडवात लोक नाचत होते, कुणाला काही कळलं नाही. मालकीण गेली की पोळ्यांपाशी जाऊन मधमाश्यांना सांगायचं, ही जुनी रीत एका लहान मुलीच्या लक्षात आली. पिर्यो रडली. आपल्या इतक्या शिलेदारांपैकी एकासाठीही ती रडली नव्हती.

सोमवारी होल्गर बस चालवत होता, पण मनाने कालच्या मनोऱ्यावरच होता. इतका, की एब्बाबाई लुंडीन पुस्तकांची पिशवी घेऊन उभ्या होत्या तो थांबाच तो विसरला. बस मागे घ्यावी लागली.

"डोळे मिटून चालवतोस का रे?" एब्बाबाई कडाडल्या.

"माफ करा," होल्गर म्हणाला. "काल आमच्याकडे मयत झालं."

मी तोंड उघडायच्या आत त्याने गाडी पुढे काढली. एब्बाबाईंच्या घरी फोन होता आणि त्यांना तो वापरायला आवडायचा. होल्गरच्या घरात माणसं दोनच. एक बस चालवतोय म्हटल्यावर गेलं कोण, याचा हिशेब त्यांनी चटकन लावला.

आम्ही परतलो तेव्हा होल्गरच्या दारात पांढरी फुलं, बटाट्याची तीन झाकलेली भांडी आणि शेजारचा रगनार हातात टोपी घेऊन उभा होता. दार उघडलं मायकेननेच. रगनारच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"तू... तू बरी आहेस?"

"मी बरी आहे. तोरा गेली."

"अरेरे," रगनार म्हणाला. त्याला कोण तोरा ते माहीत नव्हतं, पण आता विचारणं बरं दिसलं नसतं. "जवळची होती?"

"फार," मायकेन म्हणाली आणि तिचा आवाज खरोखरच कापला. तिने फुलं घेतली, त्याला आत बोलावलं, आणि आम्ही सगळे बटाटे खायला बसलो. रगनार तासभर तोराच्या आठवणी ऐकत होता. राक्षसाला मध विकायला बसवल्याचं आलं तेव्हा तो जरा गोंधळला, पण दुःखात माणूस काहीही बोलतो असं समजून त्याने मान डोलावली.

पुढच्या रविवारी मायकेनने नवीन पात्र आणलं: दोन हातांत दोन कुऱ्हाडी घेतलेली एक धिप्पाड बाई. "आयुष्यभर सगळ्यांना समजावलं," ती म्हणाली. "आता मला कुणालातरी झोडायचंय." ती बाई पहिल्याच खानावळीत एका न्हाव्यावर धावून गेली, आणि न्हाव्याच्या हातात वस्तरा होता. मायकेन हसता हसता खुर्चीवरून घसरायला आली. तेवढ्यात बाहेरून रगनारने खिडकीवर टकटक केली. तो विचारत होता, एखादी खुर्ची रिकामी आहे का.